बोअरच्या पाण्यात ढवळलेली माती

माती मोजणाऱ्या मित्रांनो, आज कळलेली माझी चूक लिहितो, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या आबांच्या माळावरच्या शेतातली माती मी क्षार मोजायला आणली होती. बॅटरीत घालतात त्या क्षार नसलेल्या पाण्यात माती ढवळायची, निवळू द्यायची आणि मग मीटर बुडवायचा. ते पाणी संपलं होतं. मी आमच्या बोअरचं घेतलं, तेही तीनदा फडक्यातून गाळून. आकडा फार जास्त आला. आबांना म्हटलं, बांधाकडच्या तुकड्यात मिरची लावू नका. त्यांनी तयार रोपं भाच्याला देऊन टाकली.

आज तळोद्याहून नवी बाटली आणली आणि उरलेली तीच माती पुन्हा मोजली. माती चांगली निघाली. मग नुसत्या बोअरच्या पाण्यात मीटर बुडवला. क्षार तिथेच होते.

आबांना सांगायला गेलो. ते रिकाम्या सऱ्यांकडे बघत म्हणाले, "तुन्हं यंत्र खोटं शे का तू, पोऱ्या?"

"मीच, आबा. यंत्र बरोबर आहे."

ते मला बसही म्हणाले नाहीत.

मोठा भाऊ सुरतला कामाला गेल्यापासून मी एकटाच मोजतो. तो आकडा मी तीन वेळा तपासला होता, पण पाणी कुठलं घेतलंस, असं विचारणारं जवळ कोणी नव्हतं.

यापुढे माझे आकडे इथे टाकत जाईन. तुमच्यापैकी कोणी मला तेवढं विचारेल का?