मोटारीचं तांबडं चामडं

एकोणीसशे साठच्या आसपास आमच्या अण्णाने, म्हणजे थोरल्या भावाने, एक जुनी विलायती मोटार घेतली. आत सगळं तांबडं चामडं. आई म्हणाली, "गाईच्या कातड्यावर बसून मी देवळात येणार नाही." मग आमच्या बसवनगुडीतल्या घरामागे आम्ही दोघांनी महिनाभर खपून सीटांचं, दारांचं चामडं उसवलं आणि रेक्झिन चढवलं. खिळे ठोकताना माझा अंगठा ठेचला.

देवळात निघालो, तर आईच्या पायात नव्याकोऱ्या तांबड्या चपला. उसवलेलं चामडं तिनेच शिवायला दिलं होतं. मी चिडून विचारलं, तर म्हणाली, "चपला देवळाबाहेर राहतात रे."

मी अण्णाकडे पाहिलं, अण्णाने माझ्याकडे. मोटार काय गाभाऱ्यात जाणार होती?