उलट्या खाचेचा चाकू

अंतिने सेकीच्या घरी कुणी गेलं आणि चुकून "काय मग, नवीन काही मिळालं का?" असं विचारलं, की त्या माणसाची दुपार गेलीच म्हणून समजा. कपाटातला लांबलचक खण बाहेर यायचा, वरचं हिरवं फडकं सरकायचं, आणि मिटत्या चाकूंच्या रांगा दिसायच्या. "हा पाताद्या गावचा. हा खाली समुद्राकडचा, पात्याचं पोट बघ कसं सुटलंय, वाण्यासारखं!" आतून बायको मिकेला ओरडायची, "अंतिने, त्याला कॉफी तरी गिळू दे!" पण ऐकतो कोण?

पस्तीस वर्षं त्याने डोंगरातल्या मेंढवाड्यांवर टपाल वाटलं. पत्र हातात द्यायचा आणि नजर धनगराच्या खिशाकडे. सार्डिनियातला धनगर एक वेळ टोपी विसरेल, चाकू विसरायचा नाही. पाव, चीज, कोकराच्या कानावरची खूण, सगळं त्याच एका पात्याने. अंतिने म्हणायचा, "हा झिजका काय वापरतोस? मी तुला न गंजणारा कोरा आणून देतो, हा मला दे." म्हातारे खूश व्हायचे. मागून हसायचेही, की पोस्टमनला डोकं नाही म्हणून.

नुसते जमवून तो थांबत नव्हता, ही त्याची खोड. चाकू कुठल्या गावचा, कुठल्या लोहाराचा, हे शोधून काढल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. एकशे चाळीस चाकूंमध्ये चिठ्ठी कोरी होती ती एकाचीच, आणि तो नेमका त्याच्या बापाचा, लारेंतूचा. निदान अंतिने तरी असंच धरून चालला होता.

हा चाकू त्याने धाकट्या भावाकडून, बोरिकुकडून घेतला होता. घेतला कसा, तेही सांगायला हवं. बोरिकुच्या मेंढवाड्यावर लोकर कातरणीचं जेवण होतं, चाळीस माणसं पंगतीला. आमच्याकडे अशा जेवणाला ज्याने त्याने आपापला चाकू आणायचा, यजमान देत नाही. बोरिकु मांस कापत होता, आणि अंतिने सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे, बाबांचा चाकू तू मेंढ्यांच्या कानांवर झिजवतोस? तो घरात मोठ्याकडे शोभतो. हा घे नवा." पाहुणे हसले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. बोरिकुने पातं पावाच्या तुकड्याला पुसलं, मिटलं आणि थोरल्या भावाच्या हातात ठेवलं. मग त्या नव्याने उरलेलं मांस कापायला घेतलं. त्याला अठरा वर्षं झाली.

चाकू होता मात्र विचित्र. मूठ एडक्याच्या शिंगाची, चांगली जाड, पण पातं उघडायला नख अडकवतात ती खाच भलत्याच अंगाला. अंतिनेने असा दुसरा पाहिला नव्हता. त्याने पक्कं ठरवून टाकलं, की कुठल्या तरी गावच्या लोहारांची ही रीत असणार, ते गाव सापडलं की झालं! मग निवृत्तीनंतरचे सगळे रविवार त्यात गेले. या गावी जा, त्या जत्रेला जा, म्हाताऱ्या लोहारांपुढे चाकू धर. कुणी म्हणे उत्तरेचा, कुणी म्हणे शिकाऊ पोराची चूक. अंतिने चिडायचा. "चूक? पात्याचं काम बघा आधी!"

शेवटी एका जत्रेत कुणीतरी बिदाने गावच्या झिदोरू लोहाराचं नाव घेतलं. लोहार कधीच गेला होता, पण त्याची मुलगी ग्राशिया होती, ऐंशीच्या घरातली. तिने चाकू हातात घेतला, चष्मासुद्धा शोधला नाही.

"बाबांचाच," ती म्हणाली.

अंतिनेला आनंदाने खुर्चीवर बसवेना. "मावशी, मग ही खाच? ही तुमच्या गावची रीत ना?"

"कसली रीत? डावखुऱ्याचा चाकू आहे हा. तू पोस्टात होतास म्हणे, आणि एवढं कळलं नाही?"

तिने आतून एक पत्र्याचा डबा आणला. झिदोरू गिऱ्हाइकाचा हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचा आणि त्या मापाने मूठ घडवायचा. कागदांच्या चळतीतून तिने एक काढला. डावा पंजा, पोरसवदा, बोटं आखूड. खाली लिहिलेलं: बोरिकु, लारेंतू सेकीचा.

"मला आठवतो ना तो," ग्राशिया म्हणाली. "पंधरा वर्षांचा असेल. हात पाठीमागे लपवून उभा. शाळेत डाव्या हाताने लिहिलं म्हणून मास्तरांनी फोडून काढलं होतं, हात बांधूनसुद्धा ठेवायचे म्हणे. तुझा बाप त्याला म्हणाला, 'काढ बाहेर. इथे लाजायचं नाही. हा चाकू तुझ्या त्याच हाताचा होणार.' दोन दिवस चालत आले होते दोघं."

तेव्हा अंतिने कुठे होता? सास्सारी शहरात, मामाकडे. अकरा वर्षांचा असताना शिकायला गेला, तो पोस्टातली नोकरी घेऊनच परतला, आणि तोवर बाप गेलेला. भाऊ कुठल्या हाताने कापतो हे त्याने पुढे हजारदा पाहिलं असेल. पण तो चाकू बघायचा. हात कोण बघतो!

घरी न जाता तो थेट बोरिकुकडे गेला. बोरिकु ओट्यावर बसला होता, शेजारी काठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून तो डोंगरावर गेला नव्हता. मेंढ्या गेल्या शरदातच विकल्या होत्या.

"या पोस्टमास्तर. कुणाचं पत्र आणलंत?"

अंतिनेने चाकू त्याच्या पुढ्यात ठेवला. कसंबसं बोलला, "हा बाबांचा नव्हता. तुझा होता."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? माझ्याच हाताचं माप."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"चाळीस माणसांसमोर काय बोलू? दोघं सेकी बापाच्या चाकूवरून भांडले, हे गावाला चघळायला देऊ? म्हटलं, घरी आलास की विचारशील कधीतरी. तू तर सगळं विचारणारा माणूस." बोरिकु हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "सगळं बेट पालथं घातलंस, अंतिने. माझ्या दारात टपाल टाकून जायचास. मला एकदा विचारलं नाहीस."

अंतिनेला फार लाज वाटली. भावासमोर, या वयात, त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलंही नाही. "चुकलो रे. घे. तुझा तुला घे."

बोरिकुने चाकू उचलला. डाव्या अंगठ्याचं नख न बघता खाचेत गेलं आणि पातं उघडलं. अंगठ्याने धार चाचपली. मग मिटला आणि भावाच्या गुडघ्यावर ठेवला.

"चांगला सांभाळलायस. पण ने तूच."

"का रे? तुझा आहे."

"मागितलास तेव्हा लागत होता मला, रोज. पहिली सात-आठ वर्षं त्या दुसऱ्या चाकूने माझा अंगठा सोलून निघायचा, तेव्हा आणला असतास तर नाही म्हटलं नसतं." त्याने काठी हाताशी ओढली. "आता काय कापू, सांग ना. एक कोकरू राहिलं नाही दारात."