कोपरा फाडलेलं कार्ड

ते कार्ड मी घेतलं तेव्हा त्याचे चारही कोपरे शाबूत होते. चौथा मी फाडला, कायझर्सलाउटर्नच्या वसतिगृहात, टेबलाशी बसून. पुढची पाच वर्षं मी घरी वेगळंच सांगत राहिलो आणि ते माझ्या वडिलांना भोवलं.

पुण्यातली पक्की नोकरी सोडून मी त्या जर्मन गावात मास्टर्स करायला गेलो होतो. दोन हजार तीन साल होतं, मी सव्वीस वर्षांचा. गावात महिन्यातून एकदा फ्लोमार्क्ट, म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार भरे. एक म्हातारा बुटांच्या खोक्यांतून जुनी पोस्टकार्डं मांडून बसायचा. तपकिरी छायाचित्रं, हाताने निळं केलेलं आभाळ, हायडेलबर्गचा पूल, कुठल्याशा खेड्याचं स्टेशन. त्यातली कोरी राहिलेली निवडून मी आईला पाठवायचो. मागे चार ओळी. थंडी पडली, पोळ्या जमायला लागल्या, असलं काहीतरी. आई ती कपाटाच्या काचेत खोचून ठेवायची. बाबांनी सगळी नोकरी साताऱ्यातल्या एका छापखान्यात केली होती. ते फोनवर म्हणाले, "नवीन कार्ड मिळत नाही का तिकडे? दुसऱ्यांची रद्दी आमच्या घरात कशाला?"

धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला, त्याच आठवड्यात माझी लेखी परीक्षा होती. त्या विषयात मी दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा झालो असतो तर नियमाप्रमाणे विद्यापीठातून नाव कमी झालं असतं. हे घरी माहीत नव्हतं. माझी सांगायची हिंमत नव्हती. परीक्षा आहे, येत नाही, एवढंच मी कळवलं.

"परीक्षा पुन्हा देता येते," बाबा म्हणाले. "बहिणीचा साखरपुडा एकदाच होतो."

"ही नाही देता येत."

"का? साहेब एवढे मोठे झाले?"

"बाबा, तुम्हाला नाही कळायचं."

"बरं. मग तुला कळेल असं सांगतो. तुझ्या नावानं आंघोळ केली मी. ठेव फोन."

आमच्याकडे मयताची बातमी कळवायच्या कार्डाचा कोपरा फाडत. तसं कार्ड आलं की कोणी घरात नेत नसे. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, फाडून टाकायचं, आंघोळ करायची. फोन आल्यापासून ती पद्धत मागे पडली होती, पण माझ्या आईवडिलांच्या पिढीला सांगावी लागत नव्हती. मी सगळ्यांत देखणं कार्ड काढलं. मागे लिहिलं, "बाबा, तुम्ही माझ्या नावानं आंघोळ केलीत. ती खरी धरा." आणि कोपरा फाडला.

खोलीतला जोडीदार नाशिकचा. त्याने पाहिलं. "वेडा आहेस का? घरी कार्ड घेतं कोण?"

"बाबाच घेतात. पोस्टमन येतो तेव्हा तेच दारात असतात."

"आणि नसले तर?"

"तू तुझं बघ."

त्याने विचारलं तेव्हाच मी थांबायला हवं होतं. मी जॅकेट चढवलं आणि कार्ड पेटीत टाकून आलो. आपण बाबांना निरुत्तर केलं, या समाधानात त्या दिवशी पोटभर जेवलोही.

कार्ड पोचलं त्या दिवशी बाबा आमंत्रणं करायला कराडला गेले होते. पोस्टमनने फाटका कोपरा पाहिला आणि फाटकाबाहेरूनच हाक मारली, "वहिनी, जरा बाहेर येता का?" आईने माझं अक्षर ओळखलं. पोराने जिवाचं काही बरंवाईट केलं आणि जाण्याआधी स्वतःच कळवलं, असं समजून ती पायरीवरच बसली. बहीण माझ्या मोबाईलवर फोन लावत राहिली. मी ग्रंथालयात होतो. घरचा नंबर दिसला की फोन कापत होतो. शेवटी त्यांनी जोडीदाराला गाठलं. तो धावत आला आणि त्याने फोन माझ्या हातात कोंबला. तोवर बाबा कराडहून परतले होते.

"जिवंत आहेस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं." एवढं बोलून त्यांनी फोन बहिणीकडे दिला.

ती म्हणाली, "साखरपुडा महिनाभर पुढे ढकललाय. आई अंथरुणावर पडलीय. आता परीक्षाच दे तू. चांगली दे."

मागून आईचा आवाज आला, "त्याला विचार, कोपरा कोणी फाडला?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "जुनंच कार्ड ना ते. घेतलं तेव्हाच तसं होतं. लिहिलं मी रागात, पण कोपऱ्याकडे लक्षच गेलं नाही."

आईने ते लगेच उचललं. तिला तेच हवं होतं. बाबांनी कार्ड दिव्याखाली धरलं म्हणे. त्यांनी तिला दाखवलं, जुन्या कागदाच्या कडा पिवळ्या पडल्यात आणि फाटलेली कड आतून पांढरी आहे. आई म्हणाली, "तुम्हाला कागदाचंच कळतं. पोराचं कधी कळलं नाही. तुम्ही बोललात म्हणून त्याने तसं लिहिलं. आता वर त्याला खोटं पाडा." बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही. आईने मात्र सोडला नाही.

मी परीक्षेत पास झालो. झिंडेलफिंगेनला नोकरी लागली. दर वर्षी सुट्टीत घरी जायचो आणि दर वर्षी ते घर जास्त वाईट दिसायचं. आई बाबांशी थेट बोलत नव्हती. "त्यांना सांग, पान वाढलंय," असं ती बहिणीला सांगायची. लग्न होऊन बहीण गेल्यावर ताट नुसतं आपटायची. आल्यागेल्याला सांगायची, "ह्यांनी पोराला जितेपणी मारलं आणि वर खोटारडा ठरवला." बाबा ऐकून घ्यायचे आणि हात धुवायला उठायचे.

दोन हजार आठच्या सुट्टीत मी त्यांना गच्चीत गाठलं. म्हणालो, आईला थोडं समजावा.

"मी समजावू?" ते वाळत घातलेल्या मिरच्या चाळवत होते. "पाच वर्षं वाट पाहतोय तू बोलशील म्हणून. माझ्याच्याने ते होणार नाही. एकदा सांगून बघितलं. तुझी आई शहाणी बाई आहे, पण तुझ्या बाबतीत नाही."

"तुम्हाला माहीत होतं, तर मला का नाही विचारलं?"

"मेलेल्याला काय विचारायचं?"

हे त्यांनी हसून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. मला राग आला, अजूनही यायचा. तुम्हीच सुरुवात केलीत, हे ओठांवर होतं. पण खाली आई बहिणीशी फोनवर बोलत होती. "बसलेत वर, पोराचे कान भरत," हे शब्द जिन्यातून वर आले. बाबांनीही ते ऐकले आणि मिरच्या चाळवत राहिले.

मी खाली गेलो. आईचा फोन होईपर्यंत थांबलो. मग तिला वर घेऊन आलो. ती बाबांकडे पाठ करून कठड्याशी उभी राहिली.

"आई, कोपरा मी फाडला," मी म्हणालो. "कार्ड चांगलं होतं. बाबांना लागावं म्हणून मुद्दाम फाडलं. नंतर तुला खोटं सांगितलं."

ती वळली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "मला काय सांगतोस? त्यांना सांग."

मी बाबांसमोर बसलो. पाया पडायला वाकलो तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. मग तसाच बसून म्हणालो, "बाबा, तुम्ही खरं बोलत होतात आणि पाच वर्षं मी तुम्हाला या घरात खोटं पडू दिलं. कार्डाबद्दल आईची माफी मागतो. याबद्दल तुमची मागतो."