एका पायाची चिमणी

माझी भाची घड्याळं दुरुस्त करते. तिच्याबद्दल लिहिणारा माझ्यापेक्षा बरा कुणीतरी मिळायला हवा होता. पण त्या दिवशी मी तिथे होतो, म्हणून मीच लिहितो.

ती तेव्हा सतरा वर्षांची होती. तिच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या भावोजींचं, दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखाली मांडलेलं टेबल. उठताना मान वाकवली नाही तर डोकं पायरीला आपटायचं. घरमालकाला तिथे मोटरसायकल लावायची होती. महिनाअखेर टेबल उचला, म्हणाला.

त्याच आठवड्यात एका वकीलबाईंचं पत्र आलं. गणिताच्या एक निवृत्त बाई वारल्या होत्या. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ आणि ते ज्या भिंतीवर होतं ती रस्त्याकडची खोली त्यांनी मृत्युपत्रात ‘घड्याळ शेवटचं दुरुस्त करणाऱ्याला’ दिली होती.

भावोजींचा चेहरा पडला. “सात वर्षांत बाईंनी बोलावलंच नाही मला. त्या घड्याळांच्या शोरूमवाल्याला धरलं असणार. खोली त्याचीच.”

“बघून तर येऊ,” मी म्हटलं. एवढं म्हणायलाही मला धीर करावा लागला.

भाचीनं मधेच जाऊन काहीतरी पर्समध्ये टाकलं.

शोरूमवाला आमच्या आधीच खोलीत ऐसपैस बसला होता. “बाई आमच्याच गिऱ्हाईक!”

“पावती आहे?” वकीलबाईंनी विचारलं.

“इतकी जुनी पावती कोण ठेवतं, मॅडम?”

“घड्याळ उघडा, कळेल,” भावोजी म्हणाले. घड्याळजींची एक रीत असते. काम झालं की आतल्या पितळी पत्र्यावर सुईनं तारीख आणि आपली खूण कोरायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही.

पत्र्यावर भावोजींचा त्रिकोण चार वेळा होता. त्याखाली सात वर्षांपूर्वीची तारीख आणि एक चिमणी. चिमणीला पाय एकच.

“हां, हां! आमच्याकडे एक कारागीर होता,” शोरूमवाला लगेच म्हणाला, “त्याला पाखरांची फार हौस.”

भाचीनं ओढणीचं टोक पिळून पिळून त्याची दोरी केली होती. “बाबा, आधी सांगा, ओरडणार नाही ना?”

“काय झालं?”

“तुम्हाला ताप होता. बाईंचा निरोप आला. मी तुमची पिशवी घेऊन गेले.”

“दहा वर्षांची होतीस तू! गिऱ्हाइकाच्या घड्याळाला हात लावायचा नाही, हे किती वेळा बजावलं होतं?”

“म्हणूनच नाही सांगितलं. बाईंनीही कबूल केलं होतं, कुणाला सांगणार नाही म्हणून.”

आता कुठे मला त्या मृत्युपत्रातलं आडवळण कळलं.

“कुणीही म्हणेल, चिमणी माझी,” शोरूमवाला हसला.

भाचीनं पर्समधून शाळेतली कंपासपेटी काढली. आत एक तुटकी सुई होती. “दुसरा पाय काढताना मोडली. टोक तिथेच अडकलंय.”

वकीलबाईंनी भिंग लावलं. चिमणीच्या पोटाखाली पत्र्यात एक काळा ठिपका रुतला होता. सुईचा तुकडा त्यावर टेकवला. तंतोतंत बसला. शोरूमवाल्याला अचानक कुठलंसं काम आठवलं.

“ही सुई!” भावोजी ओरडले. “सात वर्षं शोधतोय मी!”

“ओरडणार नाही म्हणाला होतात.”

“मी कधी म्हणालो?”

वकीलबाई तोंडावर फाइल धरून हसत होत्या. भावोजींनी लंबकाला धक्का दिला आणि कान लावून बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते, तरी हसू काही आवरत नव्हतं.

“बाईंनी मला का बोलावलं नाही, कळलं का? अहो, बंदच पडलं नाही ते! कार्टे, असं काम करत राहिलीस तर गिऱ्हाईक परत कशाला येईल?”

आज त्या खोलीत दोन टेबलं आहेत. खिडकीजवळचं तिचं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळात ती एका पायाचीच चिमणी कोरते. भावोजी दुसऱ्या टेबलाशी बसतात. छत चांगलं दहा फूट उंच आहे, पण उठताना ते अजून मान वाकवतात, आणि ती न बघताच म्हणते, “बाबा, जिना मागे राहिला.”