बोडणाच्या परातीबाहेर

मागची सुट्टी संपवून देवासहून इंदूरच्या विमानतळाकडे निघाले, तेव्हा आईने गाडीच्या खिडकीतून हात आत घालून मला कुंकू लावलं आणि म्हणाली, "कोणी विचारलं ना, तर हार्टचं मशीन म्हणून सांगायचं. बस, इतकंच."

मी नेदरलँड्सच्या एका लॅबमध्ये सिग्नल प्रोसेसिंग करते. शरीरसंबंधात वेदना होणाऱ्या बायका इथे येतात. आत बसवलेल्या सेन्सरवरून त्यांच्या योनीमार्गातल्या रक्तप्रवाहाचा सिग्नल मिळतो, पण खोकला आला, बाई जरा हलली की तो बिघडतो. पूर्वी बिघडलेले तुकडे कोणीतरी नजरेने पाहून काढायचं आणि पाहणाऱ्याच्या मनातलं त्यात उतरायचं. माझा प्रोग्राम ते आपोआप काढतो, सगळ्यांना एकच नियम लावून. मला या कामाचा अभिमान आहे.

त्या सुट्टीपर्यंत घरी हे फक्त वहिनीला ठाऊक होतं. बाळंतपणानंतर दादा जवळ आला की तिला असह्य दुखायचं. व्हिडिओ कॉलवर ती रडली. "नाटक नाही हो हे, वन्सं." मी तिला या दुखण्यावर उपचार करणारी इंदूरची फिजिओथेरपिस्ट शोधून दिली, व्यायाम सोडू नये म्हणून महिनोन्महिने वहिनीच्या मागे लागले. ती बरी झाली, तेव्हा म्हणाली, "तुमचं काम कुणाला नाही कळलं तरी मी समजून घेईन, वन्सं."

त्याच सुट्टीत, भाच्याच्या जन्मानंतर करायचं राहिलेलं कुळाचाराचं बोडण होतं. परातीतल्या अन्नपूर्णेवर दूध, दही, पुरण घालून सवाष्णी हाताने कालवतात, आणि आमच्याकडे त्यात माहेरवाशिणीचा हात लागतोच. त्याच सकाळी मावसभावाने माझ्या लॅबचं पान मोबाइलवर आईला दाखवलं. आई ओरडली नाही. "असल्या कामाचा हात देवीला नको," एवढंच म्हणाली.

मी वहिनीकडे पाहिलं. तिचं एक वाक्य पुरलं असतं. परातीतून नजर न काढता ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही बाहेरच बसा ना. उगाच लफडा नको."

मी बाहेर बसले. तिचं गुपित जिभेवर आलं होतं, गिळलं. आईचा राग नाही आला. मला समजून घेईन असं ती कधी म्हणालीच नव्हती. वहिनी म्हणाली होती. तिने दगा दिला, आणि तो मला अजून पचलेला नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. धारला दिलेल्या तिच्या बहिणीला तोच त्रास आहे. मी सगळं समजावून सांगितलं. ठेवताना म्हणाली, "आईंना कळू देऊ नका हं."

नाही कळू देणार. माझ्यासारख्याच देश सोडून आलेल्या मैत्रिणी विचारतात, घरी कधी जाणार? त्या घराला मी हवी आहे, पण फोनवर, आणि दार लावून घेऊन.