आधी कुणाचं प्लास्टिक?

लेइमाराबद्दल आमच्या गावात दोन मतं आहेत. पुरुष म्हणतात, ती डोक्यावर पडलेली आहे. बायकाही तेच म्हणतात, पण हसत म्हणतात. मी तिची शेजारीण. गावातलं एकुलतं एक दुकान माझं आहे आणि माझी जीभही सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा मी सांगते ते तिच्या बाजूचंच असणार, हे धरून चाला.

ती मूळची समोरच्या बेटावरची, लग्न होऊन इकडे आली. रताळ्यांचा आणि तारोच्या कंदांचा मळा, दोन मुलं, चर्चमधल्या बायकांची बैठक आणि शनिवारी ट्रकने व्हिला शहरातला बाजार, हे सगळ्यांचं असतं तसंच तिचं. नवरा जोएल ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जातो आणि वर्षातला बराच काळ तिकडेच असतो. घरी ती, मुलं आणि सासरे. सासरे म्हणजे म्हातारे तारिपोआ, आमच्या गावाचे प्रमुख. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत राहिलं. कारभार थोरला मुलगा काल्मेत बघू लागला. लोक त्यालाच प्रमुख म्हणू लागले आणि त्यानेही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर मान वर करून बोलत नाही. त्याचं नाव घेत नाही. त्याच्या अंगाला हात लावणं तर फारच लांबची गोष्ट. म्हाताऱ्या बापाची सेवा मुलांनी करायची. पण एक मुलगा परदेशात आणि दुसरा प्रमुखपणात. सुरुवातीला काल्मेत रोज आला. मग अधूनमधून येऊ लागला. मग दारातूनच "आबा, बरंय ना?" असं विचारून उत्तराची वाट न बघता निघून जाऊ लागला. म्हातारा अंथरुणातून उठू शकत नव्हता. शेवटी लेइमाराने तोंड भिंतीकडे वळवलं आणि जे करायला हवं होतं ते केलं. रिवाज पाळणारे सगळे तेव्हा कुठे होते, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग ती माझ्याकडे आली. "लेइनासेई, व्हिलाहून मोठ्या माणसांचे डायपर आणायचे. तांदळाच्या गोणीत घालून आणायचे. आणि कुणाला कळलं ना, तर तुझं दुकान जाळीन."

मी आणत राहिले. गावात मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. लोकांना वाटायचं, डायपर लागतात ते तान्ह्या पोरांना.

मग मार्चातलं वादळ आलं आणि गावाचा कचऱ्याचा खड्डा फुटला. सगळी घाण ओढ्यातून वाहत कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यावर येऊन पडली. आम्ही सगळ्यांनी वाकून वाकून ती गोळा केली. काल्मेतने सभा बोलावली. नाकामलमध्ये, म्हणजे आमच्या सभेच्या घरात, पुरुष आत बसले आणि बायका बाहेर चटयांवर. ठरलं असं, की दरवर्षी एका वस्तूवर नामेलेचं पान लावायचं. हे पान प्रमुखाने जिथे लावलं तिथे कुणी हात लावायचा नाही, मग ते नारळाचं झाड असो की समुद्राचा तुकडा. आता ते प्लास्टिकवर लावायचं.

"पिशव्या आणि स्ट्रॉ सरकारने आधीच बंद केल्यात," काल्मेत म्हणाला. "आता आपली पाळी. बोला, आधी काय बंद करायचं?"

शाळेचे मास्तर उठले. "नूडल्सची पाकिटं."

"मग पोरांच्या डब्यात काय देऊ, तुमचं भाषण?" मास्तरांची बायकोच बाहेरून ओरडली.

पाळक म्हणाले, नायलॉनची जाळी. मासेमारी करणारे म्हणाले, आधी चर्चमधली आणि कबरींवरची प्लास्टिकची फुलं काढा, मेलेल्या माणसाला खऱ्या फुलाचा वास आला तर तो काय उठून बसणार आहे? पाळकांच्या बहिणीने ऐकवलं की तिच्या नवऱ्याच्या कबरीला कुणी हात लावून दाखवावा. मी म्हटलं, पाण्याच्या बाटल्या. तर एक जण म्हणाला, "वा, दुकान कुणाचं आणि बाटल्या कुणाच्या?" खरं सांगायचं तर, त्या सभेत एकही माणूस स्वतःच्या घरातल्या वस्तूबद्दल बोलला नाही. प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याच्या दाराकडे.

मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "डायपर."

अहाहा! सगळे पुरुष एकदम जागे झाले. इतका वेळ भांडणारे एका सुरात बोलू लागले. सगळ्यात घाण तेच, सगळ्यात जास्त वर्षं टिकतं तेच, कासवाच्या तोंडात जातं तेच. ते खोटं बोलत नव्हते, हेही सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या सगळ्यात जड गोण्या डायपरच्याच होत्या आणि त्यातली एक मी स्वतः ओढली होती. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद कासवासाठी नव्हता. स्वतःचं काहीच सोडावं लागणार नाही, याचा तो आनंद होता.

लेइमारा चटईवरून उठून नाकामलच्या दारात जाऊन उभी राहिली.

"कशाची घाण जास्त, एवढंच विचारू नका," ती म्हणाली. "कशाच्या बदल्यात घरात दुसरी वस्तू आहे, तेही विचारा. तुम्ही रोज मुळ्या कुटून फडक्यातून कावा पिळता आणि बाटल्यांत भरून घरी नेता. त्या बाटल्या पण खड्ड्यात होत्या, मी मोजायच्या सोडून दिल्या. तुमच्या बापांनी करवंटीतून प्यायला की नाही? करवंट्या झाडाखाली पडल्यात. इथेच बसून प्या आणि हात हलवत घरी जा. डायपरच्या बदल्यात काय आहे?"

"कापड आहे," काल्मेत म्हणाला. "आमच्या आईने आम्हाला कापडावरच वाढवलं."

"कापड आहे. आणि ते धुणार कोण?"

पाळकांनी चष्मा पुसायला घेतला.

"कापड आहे म्हणजे बाई आहे, असं सरळ म्हणा की भावजी! तुम्ही प्लास्टिक कमी करत नाही आहात. तुमच्या खड्ड्यातलं ओझं उचलून आमच्या पाठीवर ठेवताय."

बाहेर बायका खदखदून हसल्या. काल्मेतचे कान लाल झाले. "तुझी मुलं शाळेत जातात, लेइमारा. तुझं काय अडलंय डायपरवाचून?"

तिने एका वाक्यात सांगितलं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. मी तोंड उघडलंही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते पुन्हा मिटलं. तारिपोआंनी या गावाचे जमिनीचे तंटे मिटवले होते, याच घरात त्यांच्यासमोर लोक वाकून चालायचे. त्यांच्या अंगाखाली काय आहे हे त्या सभेत बोललं जाणं तिला मान्य नव्हतं, मग हार पत्करावी लागली तरी.

"माझं काही अडलं नाही," ती म्हणाली आणि चटईवर येऊन बसली. मान खाली घालून चटईच्या कडेची पाती उपटू लागली. मला वाटलं रडते आहे, पण तो राग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काल्मेतने माझ्या दुकानातल्या डायपरच्या फळीवर नामेलेचं पान लावलं. मी त्याला लहानपणापासून ओळखते, शेंबूड पुसत माझ्यामागे फिरायचा. मी म्हटलं, "शाब्बास रे. गाव वाचवलंस." तो पाठ फिरवून गेला.

त्याच दिवशी संध्याकाळी पुरुष कावा प्यायला नाकामलकडे आले, तर दाराशी ठेवलेल्या रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यावर दुसरं पान बांधलेलं. ताजं, हिरवंगार. सगळे दोन पावलं मागे सरले. पान आहे म्हटल्यावर हात लावायची छाती कुणाची होणार?

"हे कुणी केलं?" काल्मेत ओरडला.

"मी," लेइमारा म्हणाली. ती तिथेच आंब्याखाली बसली होती, वाट बघत.

आता, आमच्याकडे प्रमुखाशिवाय कुणी पान लावलं तर तो साधा गुन्हा नव्हे. डुक्कर द्यावं लागतं, चटया द्याव्या लागतात आणि सगळ्या गावासमोर खाली बसून माफी मागावी लागते. बाईने असं केल्याचं तर कुणी ऐकलंच नव्हतं. हां हां म्हणता सगळं गाव जमलं.

"तुझं डुक्कर तयार ठेव," काल्मेत म्हणाला. "पण आधी सांग, हे पान तुला कुणी दिलं?"

"त्यांनी."

"कुणी त्यांनी?"

"त्यांचं नाव मी घेत नाही, भावजी. कोण ते तुम्हाला ठाऊक आहे."

सगळ्यांना तारिपोआ आठवले. प्रमुखपद त्या माणसाने स्वतः कुणाला सोपवल्याशिवाय, किंवा तो मेल्याशिवाय, दुसऱ्याकडे जात नाही. तारिपोआंनी ते कुणालाही सोपवलं नव्हतं. इतक्या दिवसांत ही गोष्ट एकाच्याही लक्षात आली नव्हती. आली असेल तर सोयीने विसरले होते. आणि त्यांचं घर नाकामलच्या पाठीलाच आहे. कालच्या सभेतला शब्दन् शब्द त्यांनी पडल्या पडल्या ऐकला होता.

"आबांना बोलता येत नाही," काल्मेत म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

"येतं. ऐकणाऱ्याने थांबायला पाहिजे."

काल्मेत ताडताड घराकडे निघाला आणि आम्ही सगळे त्याच्या मागे. दारात पोचल्यावर सवयीने तिथेच थांबला.

"आत जा," लेइमारा म्हणाली. "दारातून नाही ऐकू येत."

तो आत गेला. आम्ही बांबूच्या भिंतीला कान लावून उभे राहिलो. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, एकेक शब्द ओढून काढलेला.

"दोन्ही... पानं... राहतील."

"आबा, बाटल्यांचं पान काढायला सांगा, पुरुष चिडलेत."

"करवंट्या... नाहीत?"

आतून काल्मेतचं नुसतं खाकरणं ऐकू आलं.

"आणि डायपर... मला लागतात." हे त्यांनी जोरात म्हटलं. भिंतीबाहेर कोण कोण आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं. "ती... तोंड फिरवून करते. मला... तिची लाज नाही वाटली. तुझी वाटली."

लेइमारा माझ्याशेजारी उभी होती. तिने कपाळावर हात मारला. "इतके दिवस मी झाकलं," ती पुटपुटली, "आणि यांनी स्वतःच चव्हाट्यावर मांडलं!" ती इतकी चिडली होती, की पायाखालची माती उकरत होती. डोळे मात्र भरले होते, आणि माझेही.

आत पुन्हा शब्द जुळत होते.

"आता... कापड. मुलगा... धुईल."

डुकराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या प्रत्येक बाईला एकाच वेळी पाण्याची गरज पडली. नळाच्या ओट्यावर उभं राहायला जागा नव्हती. काल्मेत बादली घेऊन आला, मान खाली घालून. कापड दोन बोटांनी उचललं, नाक वळवलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा उचललं. हसू आवरेना म्हणून मास्तरांची बायको रिकामा हंडा घेऊनच घरी पळाली.

लेइमारा समोरच्या दगडावर हाताची घडी घालून बसली होती. मदतीला उठली नाही. मी म्हटलं, उठ, तो फाडेल ते कापड. ती म्हणाली, फाडू दे, मग त्याच्या लुंगीचं कापड करू.

काल्मेतने कापड दोन्ही हातांत धरलं आणि कसंबसं मुरगळलं. पाणी तसंच टपकत राहिलं.

"नीट पिळा, भावजी," ती म्हणाली. "कावा पिळता ना, तस्सं."