पहिली ओंजळ नदीची

उदाराम माझा भाटवा, सख्ख्या बहिणीचा नवरा. त्याले चार शिव्या द्यायचा हक्क माझा. दुसऱ्या कोणी नावं ठेवली तर खबरदार! आम्ही वैनगंगेकाठचे ढिवर, मासोळ्या धरणारे. उभा जन्म या माणसानं नदीत काढला, अन् हाती आलेलं सगळ्यात मोठं काम एका सवयीपायी मातीत घातलं.

वरच्या अंगाले बंधारा झाला अन् आषाढात वाहत येणारी रोहूची अंडी बंद झाली. नऊ वर्षं! अंडी वाहती राहिली तर जगतात, थांबल्या पाण्यात तळाशी बसून मरतात. यंदाच्या आषाढात मासोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या नूतन मॅडम आल्या. त्यांनी अंड्यासारख्याच गोळ्या बनवल्या होत्या. भिजल्या साबुदाण्याएवढ्या, वजनही तेवढंच, फक्त रंग नारिंगी. बंधाऱ्याचे दरवाजे दोनच दिवस उघडायची परवानगी मिळाली होती. गोळ्या वर सोडायच्या, खाली आमच्या घाटावर जाळ्यात धरायच्या. पोचल्या तर अंडीही पोचतील, मग दर आषाढात दरवाजे उघडतील.

"धार कुठं लागते, काका?" मॅडमनं विचारलं.

"त्या खडकाच्या बाजूले. तिथं मीच उभा राहतो," उदाराम म्हणाला.

दोन दिवस कमरभर पाण्यात उभा राहिला. पासष्टीचा गडी, एका डोळ्यात मोतीबिंदू. बाकीच्या तीन जाळ्यांत नुसता कचरा. दुसऱ्या दुपारी, दरवाजे पडायच्या घटकाभर आधी, तो ओरडला, "आली! माय वो, आली!"

मॅडम काठावरून धावल्या. मी पाण्यात उतरलो. जाळं रिकामं.

"कुठं आहेत?"

"सोडली ना," तो हसून राहिला होता.

आमची रीत आहे. आषाढात जाळ्यात अंडी आली का पहिली ओंजळ नदीची. ती परत सोडायची, हात जोडायचे, दुसरी आपली. नऊ वर्षांनी बोटांले अंडी लागली अन् बोटांनी बापजाद्यांचं काम केलं. दुसरी ओंजळ काही आली नाही.

"काऊन गा, येडा झाला का? नारिंगी रंग दिसला नाही तुले?" मी बोंबललो.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. वाकून दोन्ही हातांनी पाणी चाचपू लागला.

"माझा विश्वास आहे, काका," मॅडमनं वही उघडली. "पण हातात गोळी नसली तर मला शून्यच लिहावं लागतं."

शून्य लिहिलं. पुढं कागद आला, अंडी पोचत नाहीत, दरवाजे उघडायची गरज नाही.

आता रोज सकाळी उदाराम घाटावर बसून वाळू चाळते. "एक तरी सापडन गा. मॅडमले पाठवू."

त्या गोळ्या पंधरा दिवसांत पाण्यात विरघळतात, हे मॅडमनं मले त्याच दिवशी सांगितलं होतं. आता दिवाळी आली. कोणत्या तोंडानं सांगू त्याले?

काल मीबी चाळणी घेऊन त्याच्या बाजूले बसलो.